दीक्षा, तो लाडू तुझा होता

दीक्षा,

तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला चार जण बोलले. तू किती सोशिक होतीस, कधी कोणाला उलटून बोलली नाहीस, आजाराबद्दल कधी तक्रार केली नाहीस, असं एकामागून एक सांगत होते. मी मंडपात मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला कळत नव्हतं, हे कोणाबद्दल चाललंय. तू सोशिक नव्हतीस. तुला राग यायचा आणि तो तू तोंडावर बोलून दाखवायचीस. एकाच गोष्टीवर तू गप्प राहिलीस. तीन वर्षं गप्प राहिलीस. ती गोष्ट मी केलेली होती आणि त्या मंडपात ती मला एकटीलाच माहीत होती.

म्हणून लिहिते आहे. तू वाचणार नाहीस. वाचणार असतीस तर बहुतेक लिहिलं नसतं, एवढी मी अजून भित्री आहे.

कॉलेजात असतानाची चंद्रपूरची आपली खोली आठवते मला. वरचा मजला, एक खिडकी, दोन लोखंडी पलंग, खाली घरमालकीणबाई. शेगडी लावायची नाही ही त्यांची पहिली अट. इस्त्री मात्र चालायची. तू पहिल्याच आठवड्यात इस्त्री उलटी करून दोन विटांच्या मध्ये बसवलीस, तिच्यावर स्टीलची ताटली ठेवलीस आणि गूळ वितळवला. मी माजरीहून आलेली, बाबा कोळशाच्या खाणीत, घरी गोड म्हणजे दुकानातून आणलेलं. मी तुझ्याकडे बघतच राहिले. तू आरमोरीच्या पलीकडच्या गावातून येताना पोतडीत चारोळ्या बांधून आणल्या होत्यास. त्या गुळात टाकल्यास, वर डब्यातले मुरमुरे टाकलेस, ताटली खिडकीत ठेवलीस आणि मला म्हणालीस, "दहा मिनिटं हात नको लावू. लावला त बोट जळंल, अन् मी हसंन."

मी हात लावला. बोट पोळलं. तू हसलीस.

त्या पहिल्या दीड वर्षात तू कशाकशाचं गोड केलंस! खानावळीच्या डब्यातला भात उरला की त्यात दुधाची पावडर घालून खीर. रात्रीच्या पोळ्या सकाळी कुस्करून, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट घालून लाडू. पावाचे गुलाबजाम केलेस ते पाकात पडल्याबरोबर विरघळले, तर तू शांतपणे चमचे काढलेस आणि म्हणालीस की हे असंच खायचं असतं. अर्धकच्च्या टेंभरांचा, म्हणजे तेंदूच्या फळांचा, शिरा केलास त्या दिवशी आपल्या दोघींच्या जिभा टाळूला चिकटल्या आणि मला तोंडी परीक्षेत बाईंसमोर धड बोलता येईना. रसायनशास्त्राच्या जर्नलच्या मागच्या पानांवर तू हे सगळं प्रयोगासारखं लिहायचीस. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. टेंभराच्या शिऱ्याखाली लिहिलं होतंस: 'अनुमान: परीक्षा असलेल्या मुलीला देऊ नये.'

हे सगळं हौसेचं होतं असं मला तेव्हा वाटायचं. तुला दूध, तूप, मावा असलं काही विकत आणणं जमायचं नाही म्हणून तू असं करतेस, असंही वाटायचं. ते दोन्ही थोडं थोडं खरं होतं. पण एकदा तू अंगदुखीनं तीन दिवस पडून होतीस आणि चौथ्या दिवशी उठून सगळ्यात आधी इस्त्री उलटी केलीस. मी ओरडले, आधी आराम कर म्हणून. तू म्हणालीस, "आराम तीन दिवस केला न. आता जे मले आवडते ते करू दे."

सिकलसेल. आपल्या भागात हा शब्द शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमधून जाताना अडकतात. मग हाडं अशी दुखतात की माणूस पलंगाचा गज धरून ओरडतं. थंडी बाधते, तहानलेलं राहिलं तर बाधतं, जास्त दगदग झाली तरी बाधते. हे मला तूच शिकवलंस. मालकीणबाईंना कळलं तेव्हा त्यांनी नळावर तुझी बादली वेगळी ठेवायला सांगितली. तू वरून खाली गेलीस, त्यांच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काकू, हा रोग मायबापाकडून येते, बादलीतून नाई. तुमाले बादली पाहिजे असंन त घ्या, पण कारण खोटं नका सांगू." दुसऱ्या दिवसापासून बादली एकच झाली. अशी होतीस तू. सोशिक म्हणे.

मोहाचं वेड दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. गावातल्या एका मावशीकडून तू वाळलेली मोहफुलं घेऊन आलीस, कपड्यांच्या मधे लपवून. मी विचारलं, लपवायचं काय त्यात? तू पहिल्यांदा तुझ्या बाबांबद्दल बोललीस. मोहाची दारू पिऊन पिऊन ते गेले तेव्हा तू नववीत होतीस. तेव्हापासून तुझ्या आईनं घरात मोहाचं फूल येऊ दिलं नव्हतं. अंगणातला मोह तोडून टाकायला लावला होता. "आईले नको सांगू," तू म्हणालीस. "माज्या बाबाले ह्या फुलानं खाल्लं. मले पाहाचं आहे, ह्याच्यातून दुसरं काही निघते का नाई."

एवढं मोठं वाक्य तू इतक्या साधेपणानं बोललीस की मी उठून विटा काढून दिल्या.

पहिले लाडू खाण्याजोगे नव्हते. उग्र वास, दाताखाली रेती, मागून जिभेवर कडवटपणा. मालकीणबाई जिन्यात येऊन ओरडल्या, "काय व पोरीहो, दारू गाळून राह्यल्या का वर?" तू हार मानली नाहीस. फुलं एक एक उघडून आतला तुरा काढायला लागलीस. मग कळलं की फुलं भरपूर पाण्यात सात वेळा धुतली तरच रेती जाते, सहा वेळा धुऊन भागत नाही. मग मंद आचेवर कोरडी भाजायची, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. मग भाजलेली जवस आणि तीळ, थोड्या चारोळ्या, आणि खलबत्त्यात कुटायचं. गूळ नाही, साखर नाही, तूप नाही. डिसेंबरात एका दुपारी तू मला एक लाडू दिलास आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. मी तो खाल्ला आणि दुसरा मागितला. तू जर्नल उघडलंस आणि अनुमानाच्या जागी फक्त एक शब्द लिहिलास: 'निघते.'

तो शब्द मला अजून दिसतो, तुझ्या तिरक्या अक्षरात.

जानेवारीत रानमेव्याच्या पदार्थांची जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली. आपल्या कॉलेजच्या मॅडमनी तुझं नाव दिलं. तू इतकी खूश होतीस की आठवडाभर फुलं निवडत बसलीस, आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी गच्चीवर गार पाण्यात धुतलीस. मी त्या दिवशी प्रॅक्टिकलला होते. परत आले तेव्हा तू पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होतीस. दवाखान्यात भरती केलं, सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी गावाहून तुझी आई आली, मी त्यांना काकू म्हणायचे. स्पर्धेला आता मी जायचं होतं; काकू औषधं आणायला गेल्या तेव्हा तू माझा हात धरलास आणि प्रमाण पुन्हा पुन्हा सांगितलंस. "जवस जास्त नको टाकू. भाजताना उठू नको तिथून. अन् मोना, तू आहे म्हणून बरं झालं."

स्पर्धेच्या ठिकाणी मॅडम म्हणाल्या, जी टेबलामागे उभी राहील तिचंच नाव लागतं. त्यांनी अर्जावर तुझं नाव खोडून माझं लिहिलं. त्यात माझा काही दोष नव्हता, हे मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलं असेल! खरंच नव्हता. पण मग परीक्षक आले. एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी लाडू खाल्ला, थांबल्या, पुन्हा एक तुकडा तोडला आणि विचारलं, "हे कोणाकडून शिकलीस?"

किती सोपा प्रश्न होता, दीक्षा. दोन शब्दांचं उत्तर होतं. माझ्या मैत्रिणीकडून, म्हणायचं होतं. त्या बाई माझ्याकडे जशा बघत होत्या, तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. मी वर्गात मागे बसणारी, तू बोलायचीस आणि मी हसायचे. मी म्हटलं, "माझी आजी करायची. मी त्यात थोडे बदल केले."

माझ्या आजीनं आयुष्यात मोहाचं झाड जवळून पाहिलं नव्हतं. ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. पण नाव मॅडमनी खोडलं होतं आणि ते वाक्य माझं होतं.

पहिलं बक्षीस मिळालं. मी ढाल घेऊन दवाखान्यात आले, काकू जेवायला गेल्या होत्या, तू उठून बसलीस, ढाल मांडीवर घेतलीस. वेदनेनं तोंड पांढरं पडलेलं, तरी हसत होतीस. "काय म्हटलं त्यायनी? काय विचारलं?" मी म्हटलं, चव आवडली म्हणाले, बस एवढंच. तू म्हणालीस, "रेती लागली का?" मी म्हटलं, नाही. तू उशीवर डोकं टेकवून डोळे मिटलेस आणि मला वाटलं, निभलं.

दोन दिवसांनी पेपरात आलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या मुलाकडे तो पेपर होता. काकू रक्तपेढीत चिठ्ठी घेऊन गेल्या होत्या. मी आले तेव्हा तू तो वाचत होतीस. मी पलंगाजवळ आले तशी तू मोठ्यानं वाचायला लागलीस, शाळेत धडा वाचतात तशी. "आजीकडून मिळालेला वारसा जपत..." मग पेपर खाली ठेवलास. "तुजी आजी त माजरीची न व? खाणीत मोह वेचत होती का?"

मी तुझ्या अंगावरची चादर सरळ करायला लागले.

"एवढंच सांग. माजं नाव तुज्या तोंडावर आलं होतं का? आलं होतं अन् गिळलं, का आलंच नाई?"

आता मला त्याचं उत्तर माहीत आहे. आलं होतं. तेव्हा ते म्हणाले असते तर कदाचित आपण भांडलो असतो आणि संपलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, "तू असती तिथं त तुजंच नाव लागलं असतं. मी पाडलं का तुले आजारी?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. एखादी वस्तू हातात घेऊन, ही चालणार नाही असं ठरवून परत ठेवतात, तसं.

तेवढ्यात काकू आल्या. पेपर उचलला, माझा फोटो बघितला आणि हरखून गेल्या. "अवो माय! मोना, हे तूच व? मोहाचा लाडू? त्या मरणाच्या फुलातून असं काही केलं तू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्य. शिक काही हिच्याकडून. अभ्यास सोडून नुसती गोडधोड करत बसते तू." तू माझ्याकडे बघितलंस. तुला बोलता येत नव्हतं. बोललीस तर दोन महिने मोहाशी खेळत होतीस हे आईला कळलं असतं. मला बोलता येत होतं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडत होते, ते बघत राहिले.

काकूंनी पेपरचं ते पान मागून घेतलं.

त्यानंतर आपण दीड वर्ष त्याच खोलीत राहिलो. ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एकच बादली, एकच आरसा. तू माझ्या नोट्स उतरवल्यास, मी तुझी औषधं आणली. कॉलेजात कोणाला काही कळलं नाही. पण तू दवाखान्यातून आल्याच्या दिवशी जर्नलची मागची सगळी पानं फाडलीस, बारीक तुकडे केलेस आणि केराच्या डब्यात टाकलेस. इस्त्रीनं नंतर फक्त कपडेच दाबले गेले. एकदा माझ्या वाढदिवसाला मी म्हटलं, काही बनव ना गं. तू केस विंचरत होतीस. "तू बनव न. तुले तुज्या आजीनं शिकवलं आहे." आवाजात काहीच नव्हतं. मी त्या दिवशी दुकानातून पेढे आणले. तू एक घेतलास, चांगला आहे म्हणालीस.

तू ती पानं फाडलीस म्हणून तुझ्या हातच्या सगळ्या कृतींतली एकच आज शिल्लक आहे, आणि तिच्यावर माझं नाव आहे.

पुढचं तुला माहीत आहे. त्या बक्षिसामुळे गडचिरोलीच्या एका प्रशिक्षण केंद्रात मला बोलावलं. बचत गटांच्या बायांना रानमेव्याचे पदार्थ शिकवायचे. तू गावी गेलीस. पुढं शिकायचं होतं तुला, पण पावसाळा आला की रक्त चढवायला लागायचं आणि प्रवेशाची मुदत निघून जायची. गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायचीस. सणावाराला आपण एकमेकींना मेसेज करायचो, फुलांची चित्रं असलेले, सगळ्यांना पाठवतात तसले.

आणि मग ह्या वर्षी आरमोरी तालुक्यात माझं शिबिर लागलं, तुझ्या गावापासून दोन गावं सोडून. समाजमंदिरात तीसेक बाया बसल्या होत्या. मी पातेलं, कढई मांडली, फुलं पसरली. बोलायला तोंड उघडलं आणि शेवटच्या रांगेत तू दिसलीस. भर मार्चात कानटोपी, अंगावर शाल. गाल आत गेले होते. तू मान हलवलीस, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात.

मी शिकवलं. दीक्षा, तुझ्यासमोर तुझी कृती मी तासभर शिकवली. तू इतकं लक्ष देऊन ऐकत होतीस की मी कढईकडे बघूनच बोलत राहिले. शेवटी मी विचारलं, कोणाला काही शंका? तू हात वर केलास.

"मॅडम, फुलं किती खेपा धुवाची?"

मी म्हटलं, "तीन वेळा." शिबिरात मी तीनच सांगायचे. वेळ पुरत नसे.

"सात," तू म्हणालीस. "तीनमधी रेती जात नाई. दाताले लागते." बाया हसल्या. एक म्हणाली, "हे मॅडमपेक्षा हुशार आहे वो!" मीही हसले. तू नाही हसलीस. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला माहीत होतं तू कशासाठी बघते आहेस. मी एवढंच म्हणायला हवं होतं: हिलाच विचारा, हे हिनंच काढलं आहे. मी म्हटलं, "बरोबर आहे ताईंचं. जमेल तितक्या वेळा धुवा."

ताई म्हटलं तुला.

बाहेर बसथांब्यावर मी तुझ्याजवळ आले. तू दगडावर बसली होतीस. चालून दम लागला होता.

"एवढ्या लांब कशाला आलीस?" मी विचारलं.

"मी वाट पाहून राह्यली होती."

"कशाची?"

"काई नाई." तू रस्त्याकडे बघितलंस. "माजी बस येईन आता."

बस आली. तू दांडा धरून चढलीस, दोनदा प्रयत्न करून. मी खालून हात दिला नाही. घेतला नसतास असं वाटलं. खरं म्हणजे, घेतला असतास तर काय करायचं ह्याची भीती वाटली.

तीन आठवड्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या स्टेटसवर तुझा फोटो दिसला. खाली 'भावपूर्ण' असं काहीतरी होतं. छातीत कफ झाला होता, ताप चढला, दवाखान्यात नेईपर्यंत श्वास लागला, असं नंतर कळलं. मी ऑफिसात होते. पुढच्या शिबिराची यादी करत होते. मी यादी पूर्ण केली. काय करावं कळलं नाही म्हणून पूर्ण केली.

मग तुझ्या घरी आले. भन्तेजींनी वंदना घेतली, लोक बोलले, जेवणं व्हायची होती. काकूंनी मला ओढून घरात नेलं. त्यांच्या दोन बहिणी बसल्या होत्या. काकूंनी पेटीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात तुझी प्रमाणपत्रं होती आणि त्यांच्या वर ते कात्रण, कडा चिकटपट्टीनं नीट बसवलेलं. "पाहा वो, हे मोना. दीक्षाची मैत्रीण. मोठी मॅडम आहे गडचिरोलीले." मग माझ्याकडे बघून आवाज खाली गेला. "मी तिले लय बोलली व. हे दाखवून दाखवून बोलली. पाह्य, मोना कुठी गेली अन् तू कुठी राह्यली. भात वाढता वाढता बोलाची मी. तिनं कधी उलटून बोललं नाई."

दीक्षा, मला हे माहीत नव्हतं. तू गावी परतल्यापासून रोज त्या कात्रणासमोर जेवलीस हे मला माहीत नव्हतं. एवढंच खरं सांगायचं आहे तुला. बाकी सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "काकू, हे तिचं होतं. लाडू तिनं काढला. मी नुसती टेबलामागं उभी होती. आजीचं मी खोटं सांगितलं."

काकूंना आधी कळलंच नाही. "मोह?" त्या म्हणाल्या. "दीक्षानं मोह हातात घेतला? कुठून आणलं तिनं?" मी सगळं सांगितलं. खोली, इस्त्री, लपवलेली फुलं, तुझ्या बाबांबद्दल तू काय म्हणालीस ते. तेवढं ऐकून त्या खाली बसल्या. बहिणींमधली एक उठून दार लोटून आली.

मग काकूंनी वर बघितलं. "तिच्या जिवंतपणी तू हे कोनाले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यली आता?"

"मला राहवलं नाही, काकू."

"तुले राहवलं नाई," त्या म्हणाल्या. "अन् माजं काय? मी आता कोनाजवळ जाऊ? कोनाले म्हणू, चुकली म्हणून?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कात्रण पाकिटातून काढलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. माज्या घरी नको." मग पदर खोचून बाहेर गेल्या, वाढायला. मला जेवून जा म्हणाल्या नाहीत. माझ्या समोरून पानं गेली, वरण गेलं, मी उभीच होते. मग मी चपला शोधल्या आणि निघाले.

मी तुझ्या आईला सांगितलं ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी रोज विचारते. त्या म्हणाल्या तेच खरं असावं. तू तीन वर्षं जे झेललंस ते मी अर्ध्या तासात त्यांच्या पदरात टाकून आले आणि मोकळी झाले. मोकळीही झाले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मोना, तुले कधी बोलाचं अन् कधी गप्प राहाचं हे कधी समजंन?

तुझी क्षमा मागत नाही. तू ती केली नसतीस. तुझ्यात तेवढा करारीपणा होता आणि त्याबद्दल मला तुझा अभिमान वाटतो, हे तुला कधी म्हटलं नाही. अजूनही काय काय म्हटलं नाही. तू मला बोलायला शिकवलंस. खोलीत तू नसायचीस तेव्हा मला करमायचं नाही. तुझा टेंभराचा शिरा मी पूर्ण खाल्ला होता, परीक्षा असूनही, कारण तू केला होतास.

केंद्रातल्या साहेबांना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण माहितीपत्रकं छापून झाली आहेत, आता पुढच्या वेळी बघू. मी नोकरी सोडलेली नाही. सोडणार होते, दोन दिवस ठरवलंही होतं, मग सोमवारी गेले. हेही तुला सांगून टाकते.

परवा धानोऱ्याकडच्या एका गावात शिबिर होतं. मी सुरुवातीलाच म्हटलं, हा लाडू मी शोधलेला नाही, माझी मैत्रीण दीक्षा हिनं शोधला, आपण तिच्या पद्धतीनं करू. बायांनी नाव वहीत लिहून घेतलं, जसं मी जवसाचं प्रमाण सांगितल्यावर लिहून घेतलं. कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. एवढं सोपं होतं ते. लाडू झाले, सगळ्यांनी खाल्ले. मग पुढं बसलेली एक म्हातारी बाई, हात पदराला पुसत म्हणाली, "बेस झाला वो. त्या दीक्षा मॅडमले आणा न एक डाव आमच्या गावाले. त्यायच्या तोंडून ऐकू."

बाकीच्या बायाही म्हणाल्या, हाव, आणाच.

मी कढई उतरवत होते. मी म्हटलं, "विचारते."